पोटातील दुर्मिळ गाठी : शस्त्रक्रियेपूर्वी गाठीचे नाव कळावे

पोटात गाठ असल्याचे समजले की घरातील मंडळींच्या मनात एकच विचार येतो, तो म्हणजे ती लवकरात लवकर काढून टाकावी. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु पोटातील काही गाठी अशा आहेत की, त्यांच्या बाबतीत निदानापूर्वी केलेली शस्त्रक्रियेची घाई रुग्णाला महागात पडू शकते. या गाठी दुर्मिळ असल्यामुळे त्यांविषयी फारसे बोलले जात नाही. वाचकांना त्यांची थोडक्यात ओळख करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्करोग म्हणताच जे रोग आपल्या डोळ्यांसमोर येतात, ते बहुधा अवयवांच्या अस्तरात किंवा ग्रंथींत उद्भवतात. जठर, मोठे आतडे, स्तन, फुप्फुस यांचे नेहमीचे कर्करोग असे असतात. त्यांना 'कार्सिनोमा' म्हणतात. याउलट चरबी, तंतू, स्नायू अशा शरीराला आधार देणाऱ्या व जोडणाऱ्या ऊतींपासून होणाऱ्या कर्करोगाला 'सार्कोमा' म्हणतात. प्रौढांच्या एकूण कर्करोगांमध्ये मऊ ऊतींच्या सार्कोमाचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. साहजिकच, एखाद्या कुशल शल्यविशारदालाही आपल्या कारकिर्दीत अशा मोजक्याच गाठी पाहावयास मिळतात. पोटातील अशा तीन गाठींची उदाहरणे पाहू.

१) जिस्ट

जठर व आतडे यांच्या भिंतीत, अन्न पुढे सरकवणाऱ्या हालचालींची लय राखणाऱ्या काही पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांचे नाव त्यांना देण्यात आले आहे. या पेशींशी नाते असलेली गाठ म्हणजे 'जिस्ट'. पूर्वी ती साध्या स्नायूंची गाठ समजली जाई आणि नेहमीच्या किमोथेरपीला ती दाद देत नसे. १९९८ साली जपानमधील संशोधकांनी या गाठीच्या मुळाशी 'किट' नावाच्या जनुकातील बिघाड असल्याचे दाखवून दिले. रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झालेले 'इमॅटिनिब' हे औषध हाच बिघाड रोखू शकते, असे ध्यानात आल्यावर २००० साली फिनलंडमधील एका रुग्णाला ते प्रथम देण्यात आले. गुण आला आणि २००२ साली अमेरिकेत जिस्टसाठी या औषधाला मान्यता मिळाली.

मोठी गाठ या गोळ्यांनी आधी लहान करून मग काढता येते. शस्त्रक्रियेत मात्र ती फुटू देता कामा नये, कारण फुटलेली गाठ पोटात पुन्हा उद्भवण्याचा धोका बराच वाढतो. जनुकातील काही विशिष्ट बिघाडांवर इमॅटिनिब चालत नाही. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी जनुक तपासणी महत्त्वाची ठरते.

या औषधाचा आपल्या देशाशी आणखी एक संबंध आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा या औषधाच्या एका स्वरूपावरील पेटंटचा दावा फेटाळला. त्या काळी कंपनीच्या औषधाचा खर्च दरमहा सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा खर्च सुमारे ८ ते १० हजार रुपये होता. या निकालामुळे स्वस्त औषधाचा मार्ग मोकळा राहिला.

२) लायपोसार्कोमा

पोटाच्या मागील भागात, मूत्रपिंडांच्या आसपास, चरबीपासून ही गाठ होते. तेथे जागा मोकळी असल्याने ती दुखल्याविना प्रचंड वाढू शकते. वाढलेला घेर लोक वयाचा किंवा खाण्यापिण्याचा परिणाम समजतात. येथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे आणि पहिली शस्त्रक्रिया हीच बरे होण्याची सर्वांत चांगली संधी असते. गाठ अखंड काढण्यासाठी कधी कधी लगतचे मूत्रपिंड किंवा आतड्याचा भागही काढावा लागतो. गाठीचा काही अंश मागे राहिला, तर ती पुन्हा वाढते आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक कठीण होते.

३) डेस्मॉइड

ही तंतुमय गाठ शरीरात अन्यत्र पसरत नाही, परंतु आजूबाजूच्या अवयवांत घुसू शकते. पोटाच्या भिंतीत ती बाळंतपणानंतर किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी आढळते. यांतील अनेक गाठी वाढायच्या थांबतात, तर काही आपोआप लहानही होतात. काढलेली गाठ मात्र पुन्हा येऊ शकते. म्हणून आता बहुधा प्रथम ठरावीक अंतराने तपासणी करीत लक्ष ठेवले जाते. मोठ्या आतड्यात असंख्य मोड येणाऱ्या एका आनुवंशिक विकारातही ही गाठ होते. त्यामुळे कुटुंबातील आजारांचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा.

एका गाठीला गोळी, दुसरीला मोठी शस्त्रक्रिया, तर तिसरीला संयम! हाताला मात्र तिन्ही सारख्याच लागतात. म्हणूनच उपचारापूर्वी गाठीचे नाव कळणे आवश्यक आहे.

त्यासाठी सी.टी. स्कॅन व बहुतेक वेळा सुईने घेतलेली बायोप्सी लागते. सुई लावली की गाठ पसरते, असा समज आपल्याकडे दृढ आहे. योग्य मार्गाने, अनुभवी डॉक्टरांनी घेतलेल्या बायोप्सीत हा धोका अगदी अल्प असतो. बायोप्सी केव्हा व कोठून घ्यावी, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांनी ठरवणे उत्तम.

पोटाचा घेर अकारण वाढणे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, काळी शौच किंवा कारणाविना रक्त कमी होणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. गाठ आढळल्यास स्कॅनचा अहवाल, तसेच बायोप्सीच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे जपून ठेवावेत आणि १९४१ पासून परळ येथे कार्यरत असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या, सार्कोमाचा अनुभव असलेल्या केंद्रात दुसरे मत घ्यावे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर नेमक्या निदानासाठी घेतलेले थोडे दिवस वाया जात नाहीत. वाया जाते ती चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी केलेली पहिली शस्त्रक्रिया.