चढाईचं वय

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. गिरिजात्मजाच्या दर्शनाला येणारी माणसं त्या दम खात, कठड्याला टेकत चढतात. पहाटे मात्र याच पायऱ्यांवर आसपासच्या गावांतली पोरं धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करत असतं, कुणी सैन्याची, आणि दोनचार जण कबड्डीची. खाली कुकडीच्या खोऱ्यात द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी, रस्त्याकडेला उसाच्या गाड्या. शेती आहे, पण घरात दोन भाऊ असले तर एकाला बाहेर काही तरी बघावंच लागतं. त्या ‘बाहेर’मध्ये गेल्या दहा वर्षांत एक नवा पर्याय आला आहे, तो म्हणजे खेळाडू होण्याचा.

जगात याची सगळ्यात ठळक गोष्ट फिजीची. पॅसिफिक महासागरातला हा बेटांचा देश, लोकसंख्या जेमतेम नऊ लाख. म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बी सेव्हन्सच्या अंतिम सामन्यात त्यांनी ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं हरवलं. ते त्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण. राजधानी सुवाजवळच्या गरीब वस्तीतला जेरी तुवाई त्या संघात होता. लहानपणी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीचा चेंडू करून खेळलेला हा मुलगा पुढे टोकियोत कर्णधार झाला आणि तिथेही सुवर्ण जिंकला. त्याच टोकियोच्या संघातला सेमी राद्राद्रा तावेउनी बेटावरचा. तो आधी ऑस्ट्रेलियात पॅरामाटाकडून रग्बी लीग खेळला, मग फ्रान्समध्ये तुलों आणि बोर्दो, नंतर इंग्लंडमध्ये ब्रिस्टल, पुन्हा फ्रान्समध्ये लियों. गाव मागे, समुद्र मध्ये, आणि करार संपला की नवा देश. २०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात आपल्याकडची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा फिजीचे खेळाडू मुंबईतही खेळून गेले.

आपल्याकडे रग्बी अजून फारशी रुजलेली नाही. अंगाला अंग भिडवून पोट भरण्याचा आपला खेळ कबड्डी. फिजीच्या पोराची वाट इथे कुणी धरली असेल, तर ती कबड्डीपटूंनीच.

आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार घ्या. श्रीरामपूर तालुक्यातलं टाकळीभान त्याचं गाव. वडील लवकर गेले, आईनं मोलमजुरी करून घर चालवलं. पुणेरी पलटण या संघाकडून प्रो कबड्डी लीगच्या आठव्या हंगामात तो उतरला, तेव्हा त्याचं नाव जाणकारांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण परत आणलं. २०१८ साली याच इराणनं उपांत्य फेरीत आपल्याला बाहेर काढलं होतं. हांगचौच्या त्या संघात अस्लम होता, आणि नाशिककडचा आकाश शिंदेही. पुढच्या पाच महिन्यांत, १ मार्च २०२४ला, हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार अस्लम. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडूही तोच.

त्या रात्री समोरच्या हरियाणाच्या संघात होता सिद्धार्थ देसाई, कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ साली यू मुंबानं त्याला छत्तीस लाखांच्या आसपास घेतलं. त्या एका हंगामात त्यानं चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले, लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती. आठव्या हंगामात मात्र दुखापतीमुळे तो थोड्याच सामन्यांनंतर बाहेर गेला. अस्लमच्याही वाट्याला तेच आलं. विजेतेपदाच्या पुढच्याच हंगामात गुडघा दुखावला आणि कर्णधाराविना संघाला खेळावं लागलं. २०२५ साली तो परतला, पलटणला पुन्हा अंतिम फेरीत घेऊन गेला, आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ असा तीन गुणांनी पराभव झाला.

हे गुडघे, खांदे, घोटे का जातात ते चढाई जवळून पाहिली की कळतं. चढाईला मिळतात तीस सेकंद. त्यात मध्यरेषा ओलांडायची, ‘कबड्डी कबड्डी’चा दम टिकवायचा, निदान रेषा पार करायची, आणि जमलं तर एक पाय हवेत ठेवून दुसरा बोनस रेषेपलीकडे टेकवायचा. समोर सात जण हाताला हात धरून साखळ्या करून उभे. चढाईपटू पाय टाकतो त्या क्षणी कोपऱ्यातला खेळाडू खाली झेपावून घोटा धरतो. पाय जागेवर अडकतो, अंग मात्र मागे वळलेलं असतं, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वरून आणखी तिघे पडतात. मातीत पाय थोडा तरी घसरतो, त्यामुळे झटका विरतो. लीगमधल्या मॅटवर रबरी तळाचे बूट घट्ट रुततात. मॅटनं खेळाला वेग दिला, टीव्ही दिला, पैसा दिला. गुडघ्यांवरचा भार मात्र वाढवला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गावातली पोरं अजून मातीवरच सराव करतात. जत्रेतल्या रात्रीच्या सामन्यासाठी चाळलेली माती, तिच्यावर पाण्याचा शिडकावा, फक्कीच्या रेषा, चारी बाजूंना हॅलोजन. तिथे अनवाणी तयार झालेला पोरगा निवड चाचणीला थेट मॅटवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या अंगाला ते सगळंच वेगळं असतं.

तरीही प्रो कबड्डी लीगनं मोठं काम केलं. २६ जुलै २०१४ला मुंबईत पहिला सामना झाला, त्याआधीही कबड्डी आपल्याकडे उत्तमच खेळली जात होती. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिकं दाखवली होती. शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, यांनी तर आयुष्यच या खेळासाठी वेचलं. १९९०ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली. पण खेळाडूला खेळण्याचे पैसे मिळत नव्हते, मिळायची ती नोकरी. मध्य रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मुंबई बंदर, पोलीस यांचे संघ होते आणि चांगल्या खेळाडूला त्यात भरती करून घेत. सकाळी मैदान, दुपारी कचेरी, पगार महिन्याच्या महिन्याला.

हीच व्यवस्था अजूनही जास्त महत्त्वाची आहे, असं मला ठामपणे वाटतं. लिलावाची बातमी मोठी होते, पण लीगचा हंगाम वर्षातले दोन-तीन महिनेच असतो, आणि संघ बारा. महाराष्ट्रात हजारोंनी मुलं किशोर, कुमार गटात खेळतात, त्यातल्या फार थोड्यांना बोली लागते. लागली तरी चढाईपटूचं तारुण्य किती? सात-आठ वर्षं, तीही गुडघ्यानं साथ दिली तर. कोपऱ्यातला बचावपटू थोडा जास्त टिकतो, कारण तिथे वेगापेक्षा अंदाज आणि वेळ साधणं कामी येतं. फिजीतही हेच चित्र आहे. तिथे लष्कर आणि पोलिसांचे संघ आहेत, आणि परदेशी करार न मिळालेल्या खेळाडूंचा तोच आधार आहे.

राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. जुन्नर-आंबेगावच्या पोरांनी लिलावाच्या आकड्याइतकंच याकडेही लक्ष द्यावं. तिथे मैदानावरचा पराक्रम कागदावर सिद्ध करावा लागतो. जत्रेतल्या ढाली आणि रोख बक्षिसं भरतीच्या वेळी कामी येत नाहीत. लागते ती अधिकृत संघटनेच्या, ठरावीक दर्जाच्या स्पर्धेची कामगिरी, आणि क्रीडा खात्याकडून त्या प्रमाणपत्राची पडताळणी. संघ जिंकला की पोरं ढोल वाजवत निघून जातात आणि प्रमाणपत्र राहून जातं. प्रशिक्षकानं ते त्याच दिवशी मागून घ्यावं, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे का ते तपासावं, आणि मूळ प्रत घरच्यांकडे द्यावी. गुडघा दुखावला तर मालिश करणाऱ्याकडे न जाता अस्थितज्ज्ञाकडे जावं, एमआरआय लागला तर करून घ्यावा, आणि फिजिओनं परवानगी देईपर्यंत जत्रेच्या सामन्याला, कितीही आग्रह झाला तरी, उभं राहू नये.