आलेखातले लेबल कशाला बांधायचे?

टेमघर म्हटले की पुण्याकडच्या वाचकाला मुठेवरचे धरण आठवते. इथले टेमघर मात्र भिवंडीचे. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी इथे शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जाते. अशा केंद्रात येणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गढूळपणाचा रोजचा आलेख मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख-लायब्ररीत काढायचा आहे, असे समजू. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार स्वीकार्य गढूळपणा १ एनटीयू (हे गढूळपणाचे एकक). दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. म्हणून आलेखात १ वर आडवी रेषा आणि तिच्या उजव्या टोकाला ‘स्वीकार्य मर्यादा’ हे शब्द, एवढेच हवे आहे. पण एवढ्याशा कामातच बहुतेकांचा पहिला गैरसमज उघडा पडतो: लेबलाची जागा म्हणजे दोन आकडे, नजरेने जुळवून एकदा लिहिले की झाले.

आकडे कुणाच्या मापाने मोजायचे हे ठरल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो. नुसते ‘टेक्स्ट’ वापरले तर ते माहितीच्या मापाने, म्हणजे तारीख आणि एनटीयूने मोजले जातात. जूनच्या कोरड्या आठवड्यात लेबल २५ तारखेवर, १.२ उंचीवर ठेवले तर छान दिसते. जुलैत नदी लाल होते, उभा अक्ष शेकड्यांत ताणला जातो, आणि १ व १.२ मधले अंतर केसाएवढे उरते. शब्द थेट रेषेवर बसतात. मग वैतागून लेबल चौकटीच्या मापाने बांधणारेही पुष्कळ. चौकटीचा डावा-खालचा कोपरा (०, ०), उजवा-वरचा (१, १). आता शब्द जागचे हलत नाहीत खरे, पण अक्ष बदलला की रेषाच त्यांच्यापासून सरकते. दोन्ही उपाय अर्धवट, कारण या लेबलाच्या दोन दिशांचे मालक वेगळे आहेत: उंची रेषेची, आडवी जागा चौकटीची. ‘अ‍ॅनोटेट’ला दोन अक्षांसाठी दोन वेगळी मापे देता येतात. उभे माप माहितीचे, किंमत १. आडवे चौकटीचे, किंमतही १. शब्दांची उजवी कड त्या बिंदूला टेकवायची आणि वर ४ पॉइंटांचे अंतर ठेवायचे. उद्या उभा अक्ष लॉगचा केला, आणि असा आलेख लॉगवरच वाचायला सोपा, तरी लेबल रेषेला सोडत नाही.

अंतर पॉइंटांतच का, असे कुणी विचारेल. पिक्सेलांत मोजलेले पडद्यावर ठीक दिसतेच की. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, आणि अक्षरांचा आकारही त्यातच मोजला जातो. १० पिक्सेल मात्र १०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल असताना, इंचाचा दहावा भाग आणि ३०० डीपीआयला तिसावा. छापण्यासाठी फाइल काढली की अक्षरे जाडजूड आणि मधली फट गायब, ती यामुळेच.

सूचीच्या चौकटीबाबत, म्हणजे लेजंडबाबत, गैरसमज याहून चिवट आहे. ‘बीबॉक्स-टू-अँकर’ला दिलेला बिंदू हा लेजंडचा डावा-खालचा कोपरा, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः तो फक्त खुंटीचा पत्ता. लेजंडचा कोणता कोपरा त्या खुंटीला अडकवायचा, हे ‘लोक’ (loc) हा पर्याय सांगतो. खुंटी (१.०२, १) आणि कोपरा डावा-वरचा घेतला, तर लेजंड चौकटीच्या उजवीकडे बाहेर लटकतो, त्याच खुंटीला उजवा-वरचा कोपरा अडकवला, तर तो आत येऊन रेषा झाकतो. ‘लोक’ला जागा आपोआप शोधणारी ‘बेस्ट’ ही किंमत देता येत असताना ही उठाठेव कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ‘बेस्ट’ रेषांवर कमीत कमी चढणारी जागा दरवेळी नव्याने शोधतो, त्यामुळे सोमवारी उजवीकडे असलेला लेजंड मंगळवारी डावीकडे सापडतो. माहिती प्रचंड असेल तर शोधाला वेळही लागतो. एकाच अहवालासाठी तो बेलाशक वापरावा. लेबल हाताने सरकवायलाही तिथे हरकत नाही.

रोज बदलणाऱ्या, पडद्यावर चालू असलेल्या आलेखाची गोष्ट वेगळी, आणि तिथे बरेच जण पायक्यूटीग्राफ ही दुसरी लायब्ररी वापरतात. मॅटप्लॉटलिबच्या सवयीने (०, ०) म्हणजे खालचा कोपरा धरला की इथे फसगत होते. अँकर देताना तो डावा-वरचा असतो आणि उभी मोजणी खाली जाते. एखादी वस्तू दुसरीच्या पोटात ठेवली की ती आपोआप तिच्या कडेला चिकटून राहील, हाही भ्रमच. ‘सेटपॅरेंटआयटम’ फक्त नाते ठरवते: पालक हलला तर मूल हलेल. खिडकी रुंद केल्यावर उजवी कड दूर गेली, तर मूल तिच्यामागे जात नाही. त्यासाठी ‘अँकर’ला मुलाचा बिंदू, पालकाचा बिंदू आणि मधले अंतर अशा तीन गोष्टी द्याव्या लागतात. दोन्हीकडे (१, ०) आणि अंतर (-१०, १०) दिले, तर लेजंडचा उजवा-वरचा कोपरा पालकाच्या त्याच कोपऱ्यापासून दहा आत, दहा खाली राहतो. पालक म्हणून दृश्याची चौकट निवडली, तर जुलैतला गढूळपणाचा सुळका झूम करून पाहतानाही लेजंड तिथेच दिसतो.