आईच्या आजीचं माहेर

माझ्या आईच्या आजीचं नाव आज कोणालाच सांगता येत नाही. तिच्या नवऱ्याचं येतं, सासऱ्याचं येतं, शेताचा सर्व्हे नंबरही मामांना तोंडपाठ आहे. तिला मात्र सारं घर 'बुढी' म्हणायचं. आमचं गाव रिद्धपूर. बुढीच्या लेकीच्या लेकीच्या लेकीने, म्हणजे मी, शाळेतून निवृत्त झाल्यावर तिचा शोध हाती घेतला.

वऱ्हाडात असा शोध तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये सुरू होतो. आमचा तालुका मोर्शी. तिथे कोतवाल बुकाची नक्कल मागायची. गावात जन्म झाला, मरण झालं की कोतवाल वर्दी द्यायचा, ती त्यात चढायची. जुनी पानं मोडीत, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. कित्येक नोंदींत आडनाव नसतं. बापाचं नाव, जात, तारीख आणि 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली', एवढंच. बाळाला नाव नाही, बाळंतिणीला तर नाहीच. बाई मेली तर 'अमुकची बायको'. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने अशीच जुनी बुकं राज्यभर उघडली गेली, कुणबी नोंदी शोधण्यासाठी. लाखो लोकांनी आपले पणजोबा तेव्हा पहिल्यांदा कागदावर पाहिले. पणज्या त्या कागदावर नव्हत्या, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

मेक्सिकोत घराण्याची मुळं शोधणाऱ्यांचं नशीब या बाबतीत वेगळं आहे. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा आई-बापासोबत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात आणि बाई लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवते. एका बाळाच्या नोंदीवरून माणूस दोन पिढ्या मागे जातो, आणि आईकडूनही जातो.

पुण्याच्या भाचीने डीएनए तपासणीचं सुचवलं. नळीत थुंकी द्यायची, बाकी प्रयोगशाळा बघते. पेशींतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या लेकरांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त लेकींकडून. म्हणजे बुढीचा तो धागा आजीत आला, आईत आला, माझ्यात आहे. कोतवाल बुकाने जे लिहिलं नाही ते शरीराने जपलं, हे समजलं तेव्हा मी खूप वेळ काही बोलले नाही. पण हा धागा हजारो वर्षं जवळजवळ तसाच राहतो. तो गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. बाकीचा डीएनए जवळचे नातेवाईक जुळवून देतो: सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण साडेबारा टक्के सारखा निघतो. मात्र आधी त्या नातेवाइकानेही तपासणी केलेली हवी. शिवाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सोयरिकी जातीतच, त्यामुळे दूरचा माणूसही जवळचा दिसतो.

तेव्हा तोंडी साक्षीला पर्याय नाही. मोठी मावशी म्हणते, "बुढीचं माहेर नेरपिंगळाई, मले पक्कं ठाऊक हाय." धाकटी म्हणते, "नाही वं, शिरखेड." दोघी हयात आहेत, दोघी ठाम आहेत.

इथे मला आमच्याच गावाने वाट दाखवली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरात 'लीळाचरित्र', म्हणजे चक्रधरस्वामींचं चरित्र, सिद्ध केलं ते त्यांना पाहिलेल्या माणसांना गाठून, एकेकाला विचारून आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. पुढे मूळ पोथी हरवली, आठवणीतून ती पुन्हा उभी केली, आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथे स्वामींच्या महानुभाव पंथीयांनी पाठभेद ठेवले. हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावाने राहिला. एका बाईची आठवण तिच्या नावानिशी पोथीत आहे!

वंशावळीच्या वहीत मी तसंच केलं आहे. नेरपिंगळाई, मोठ्या मावशीच्या सांगण्यावरून, शिरखेड, धाकटीच्या, खाली तारीख. तुमच्या घरात म्हातारी माणसं असतील तर अर्ज नंतर करा, आधी त्यांच्याजवळ बसा. आजोळची नावं आधी विचारा, कारण बापाकडची कागदात सापडतील.

आता दोन्ही गावचे जुने फेरफार बघायचे आहेत. एखादा भाऊ मूलबाळ नसताना वारला असेल, तर त्याच्या जमिनीला वारस म्हणून बहिणीचं नाव लागलेलं असू शकतं.