अठरा फेऱ्या आणि एक नियम

पहाटे पाच वाजता हिंदमाता चौकात उभे राहिले, तर दिवसा जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही तो हाच रस्ता का, असा प्रश्न पडतो. कापडबाजाराची दुकाने बंद असतात. उड्डाणपुलावरून एखादीच मोटार जाते. दादरच्या फुलबाजाराकडे निघालेल्या टेम्पोतून झेंडूचा वास दरवळतो, आणि परळच्या रुग्णालयांबाहेर दूर गावांहून आलेले रुग्णांचे नातलग पदपथावर चादरी ओढून झोपलेले असतात. गेली नऊ वर्षे याच वेळी मी धावण्याचे बूट घालून घराबाहेर पडतो. दुकानाच्या गादीवर दिवसभर बसून रक्तातील साखर वाढू लागली, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्याचे धावणे कधी झाले, ते माझे मलाच कळले नाही.

आपल्या भागाचे एक भाग्य असे की इथली वस्ती दाट असली, तरी धावायला जागा आहे. डॉ. आंबेडकर मार्गाने उत्तरेला निघालो की दादर टी. टी. ओलांडून थोड्याच वेळात पारशी कॉलनीतील फाइव्ह गार्डन्स लागतात. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा परिसराची आखणी केली. मंचेरजी जोशी या अभियंत्याच्या प्रयत्नाने तेथे मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी वसाहत उभी राहिली. त्या आखणीतील रुंद रस्ते आणि जुन्या वृक्षांची सावली आज आमच्यासारख्यांच्या कामी येते. दुसरीकडे, टिळक पूल ओलांडला की शिवाजी पार्क. १९२५ साली नगरपालिकेने खुले केलेले हे मैदान प्रारंभी माहीम पार्क म्हणून ओळखले जाई. १९२७ साली, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. मैदानाभोवतीच्या कट्ट्याचा परीघ १.१७ किलोमीटर आहे. हा आकडा येथे धावणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. अशा अठरा फेऱ्या झाल्या की २१.०६ किलोमीटर होतात, म्हणजे अर्धमॅरेथॉनपेक्षा अवघे चाळीसएक मीटर कमी.

प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानकांची आलोचना करतो. पहिल्यांदा अठरा फेऱ्या मोजायच्या ठरल्या, तेव्हा मला सहज तीच मोजणी सुचली. पहिली फेरी प्राणातिपाताची, दुसरी मृषावादाची, सहावी क्रोधाची, नववी लोभाची. बोटांवर मोजताना चूक होते, परंतु लहानपणापासून तोंडी बसलेला हा क्रम चुकत नाही. फेरी संपेपर्यंत त्या एका दोषाचा विचार करावा, असा माझा प्रयत्न असे. प्रारंभी तो प्रामाणिक होता. पुढे त्यात काय मिसळले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या घरी चौविहार आणि नवकारशी हे दोन्ही नियम आईवडिलांपासून चालत आले आहेत. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, आणि सकाळी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. रोजच्या जीवनात हे नियम जड जात नाहीत. उलट, सूर्यास्तापूर्वी जेवण झाल्याने झोप गाढ लागते आणि पहाटे शरीर हलके असते. अडचण येते ती लांब पल्ल्याच्या धावण्यात. मुंबईत जानेवारीच्या मध्यास सूर्य सायंकाळी सव्वासहानंतर मावळतो आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास उगवतो. नवकारशी येते आठच्या आसपास. या साऱ्या काळात पोटात पाणी जात नाही. २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉनचे धावक पहाटे पाचच्या सुमारास निघतात. म्हणजे माझ्यासारख्या मंदगती माणसाची शर्यत संपेपर्यंतही नवकारशी आलेली नसते.

आमच्या गटातील मित्रांना याचे मोठे अप्रूप वाटे. दर दोन किलोमीटरला ते पाण्याची बाटली तोंडाला लावत आणि मी कोरड्या ओठांनी पुढे जाई. कोणी कौतुकाने पाठ थोपटी, कोणी नवख्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगे की हे थेंबभर पाणी न घेता पंधरा किलोमीटर धावतात. मी वरकरणी संकोच दाखवीत असे. मनात मात्र ते शब्द पुढच्या रविवारपर्यंत पुरत.

मग तो एप्रिलमधला रविवार उजाडला. पहाटे पाचला शिवाजी पार्कवर पोहोचलो तेव्हाच हवा दमट होती. मैदानाची तांबडी धूळ घशात बसत होती. अठरा फेऱ्यांचा बेत मी आदल्या दिवशी साऱ्यांना सांगून ठेवला होता. दहाव्या फेरीला घाम येणे कमी झाले आणि अंगावर शहारे आले. ही धोक्याची खूण आहे, हे मी वाचलेले होते. बारावी फेरी संपत असताना समोरचा रस्ता तिरका दिसू लागला आणि मी कट्ट्याला धरून खाली बसलो. नवकारशीला वीस-बावीस मिनिटे उरली होती. मित्रांनी बाटली पुढे केली, मी मान हलवली. फिरायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपला रुमाल ओला करून माझ्या डोक्यावर ठेवला, बुटांचे बंद सोडले आणि वेळ होईपर्यंत ते शेजारी बसून राहिले. त्या दिवशी काही अघटित घडले नाही, याचे श्रेय माझ्याकडे मुळीच जात नाही.

घरी पत्नीने एक शब्दही न बोलता बूट उचलून माळ्यावर ठेवले. आई म्हणाली, “धावणे सोड.” मित्र म्हणाले, नियम सोडा. दोन्ही बाजूंना माझ्याविषयी प्रेमच होते, आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट सोडण्याची माझी तयारी नव्हती.

काही दिवसांनी परळ-लालबाग परिसरातील उपाश्रयात एका साध्वीजींचे दर्शन घेतले आणि सारी हकीकत सांगितली. आपले साधू-साध्वी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर अनवाणी विहार करतात, तोही नवकारशीपूर्वीच्या थंड वेळी आणि पाण्यावाचून. तेव्हा माझ्या निष्ठेची त्या वाखाणणी करतील, अशी आशा मनात होती, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : “नवकारशीचे पच्चक्खाण तुम्ही घेतले होते. अठरा फेऱ्यांचे पच्चक्खाण कोणी दिले होते?”

मला उत्तर सुचले नाही. खरेच, तिसऱ्या फेरीला थांबलो असतो किंवा सातव्या फेरीनंतर घरी गेलो असतो, तरी कोणताही नियम मोडला नसता. मोडला असता तो मित्रांसमोर बोलून दाखवलेला बेत. पाणी नाकारताना मी व्रत पाळत होतो, परंतु धावत राहताना मी दुसऱ्याच कोणाची तरी सेवा करीत होतो. अठरा पापस्थानकांतील सातवे स्थान ‘मान’ आहे. दर रविवारी सातव्या फेरीला मी त्याचे नाव घेत होतो आणि त्याच्याच जोरावर आठवी धावत होतो.

साध्वीजींनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. पच्चक्खाणात आगार सांगितलेले असतात. अनवधानाने घडलेले, अकस्मात घडलेले, गंभीर आजारात समाधी टिकवण्यासाठी करावे लागलेले, यांचा विचार पूर्वाचार्यांनी आधीच करून ठेवला आहे. नियम देताना ज्यांनी माणसाच्या शक्तीचा विचार केला, त्यांच्या नियमाने स्वतःला इजा करून घेणे म्हणजे त्यांचे न ऐकणेच होय.

त्यानंतर मी सरावाची फेरआखणी केली. प्रथम एक साधी चाचणी घेतली. एक तास धावण्यापूर्वी आणि घाम पुसून धावल्यानंतर वजन केले. माझे वजन ६८ किलो, आणि घट भरली ९०० ग्रॅम. ही घट जवळजवळ सर्वस्वी पाण्याची असते. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी गेले की शरीराची क्षमता उतरू लागते, असे क्रीडावैद्यक सांगते. माझ्या बाबतीत ही मर्यादा दीड तासाच्या आसपास येते. त्या रविवारी मी ती केव्हाच ओलांडली होती.

आता सोमवार ते शुक्रवार माझे धावणे अठ्ठेचाळीस मिनिटांचे, एका सामायिकाइतके, असते. हिंदमात्याहून फाइव्ह गार्डन्स, बागांभोवती दोन-तीन वळसे आणि परत. एवढ्याला वाटेत पाण्याची गरज पडत नाही. घरी आंघोळ-पूजा होते तोवर नवकारशी होते. रविवारी मात्र मी उशिरा निघतो. शिवाजी पार्कपर्यंत चालत जातो, नवकारशीला वीस मिनिटे असताना हळूहळू धावू लागतो, आणि वेळ झाली की कट्ट्यापाशी थांबून, मूठ वाळून नवकार म्हणून पच्चक्खाण पारतो. घरून आणलेले उकळलेले पाणी तिथेच ठेवलेले असते. पुढे दर दोन फेऱ्यांनी चार घोट घेतो. मित्र खिशात ऊर्जेची तयार जेल ठेवतात. त्यांपैकी काहींत मध असतो, म्हणून मी दोन खजूर ठेवतो. बटाटा-रताळ्यावाचून धावपटूचे चालत नाही, असे मला पूर्वी सांगण्यात येई. मुगाची खिचडी, भाकरी आणि केळी यांवर माझे छान चालले आहे. शाकाहारी फौजासिंग यांनी २०११ साली वयाच्या शंभराव्या वर्षी टोरंटोची मॅरेथॉन पूर्ण केली. अमेरिकेच्या स्कॉट ज्युरेकने तर दूधही वर्ज्य करून शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत १९९९ पासून सलग सात वर्षे जिंकली. तेव्हा आहाराची सबब आपल्याला सांगता येणार नाही.

चातुर्मासात हा क्रम पुन्हा बदलतो. पावसाळ्यात फाइव्ह गार्डन्सच्या ओल्या पदपथांवर गांडुळे आणि गोगलगायी असतात, आणि पहाटेच्या अंधारात त्या दिसत नाहीत. ईर्यासमिती चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्यास सांगते. धावणाऱ्याला ते पूर्णपणे साधणार नाही, हे मी जाणतो. म्हणून ते चार महिने स्वच्छ उजाडल्यावरच बाहेर पडतो, चालण्यावर भर देतो आणि पर्युषणात बूट काढून ठेवतो. मुसळधार पावसात हिंदमाता चौक तुंबणे हे तर मुंबईकरांच्या ओळखीचे दृश्य आहे. बशीसारख्या या सखल भागातील पाणी साठवण्यासाठी महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. त्या उद्यानातून चालताना पायांखाली आपल्याच चौकातले पाणी थांबून राहिले आहे, हे आठवते. आपले साधू-साध्वीही तेव्हा विहार थांबवून एका जागी असतात. थांबणे हाही सरावाचाच भाग आहे, हे मला धावण्याच्या कोणत्याही पुस्तकाआधी चातुर्मासाने शिकवले.

यंदा जानेवारीत मित्र अर्धमॅरेथॉनला उभे राहिले. मी दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले. एका तासाहून थोडे अधिक, पाण्याविना, माझ्या मर्यादेत. गटात कुजबुज झाली की यांची हिंमत गेली. ते ऐकून वाईट वाटले नाही, असे म्हटले तर तो मृषावाद होईल. एक आठवडा मला ते टोचत राहिले.

भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक मॅरेथॉन धावकांपैकी एक, फडेप्पा चौगुले, आपल्या बेळगावचे होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला, आणि १९२० साली चौगुले अँटवर्पला धावले. ते एकोणिसावे आले. पदक नाही, परंतु शर्यत पूर्ण केल्याची नोंद आजही आहे. दहा किलोमीटरची रेषा ओलांडताना मला त्यांची आठवण झाली.

अठरा फेऱ्या मी सोडलेल्या नाहीत. डिसेंबरातील एका थंड रविवारी, नवकारशी पारून, दर दोन फेऱ्यांनी पाणी घेत, त्या पूर्ण केल्या. तेव्हा उन्हे बरीच वर आली होती. गटातील मंडळी केव्हाच घरी गेली होती, त्यामुळे पाहणारे कोणी नव्हते. वाचकांपैकी ज्यांना धावणे सुरू करावेसे वाटेल, त्यांना एवढेच सुचवतो : मधुमेह वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना भेटा, नियमाविषयी शंका असल्यास गुरुभगवंतांना विचारा, आणि आपला बेत आधीपासून चारचौघांत सांगत बसू नका. पत्नीने माळ्यावर ठेवलेले बूट तिनेच खाली काढून दिले. रविवारी निघताना ती आता पाण्याची बाटली स्वतः भरून हातात देते, आणि मीही सातव्या फेरीला ठरवून एकदा वेग कमी करतो.