ताण-प्रतिमाचित्रण आणि दीर्घकालीन हार्ट फेल्युअर : भाकिताचे सामर्थ्य व मर्यादा

प्रास्ताविक

शरीरास आवश्यक तेवढे रक्त पुरविण्याची हृदयाची क्षमता कमी होते, तेव्हा त्या अवस्थेस हार्ट फेल्युअर असे म्हणतात. हृदय बंद पडणे असा त्याचा अर्थ नव्हे. योग्य उपचारांनी रुग्ण अनेक वर्षे जगू शकतो. मात्र वरकरणी सारख्याच अवस्थेतील दोन रुग्णांची वाटचाल भिन्न असू शकते. ही भिन्नता आधी ओळखण्यासाठी ताण-प्रतिमाचित्रणाचा उपयोग केला जातो. त्याचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चाचणीचे स्वरूप

प्रत्येक आकुंचनात डाव्या जवनिकेतील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, या प्रमाणास इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. ते ४० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास खालावलेले मानले जाते. परंतु हे मोजमाप विश्रांतीतील असते. हृदयाकडे राखीव शक्ती किती, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी हृदयावर नियंत्रित ताण दिला जातो. ज्यांना व्यायाम झेपत नाही, त्यांना डोब्युटामिन हे औषध शिरेतून देतात. शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमपासून आरंभ करून मात्रा टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत वाढविता येते. प्रत्येक टप्प्यावर श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या भिंतीची हालचाल पाहिली जाते.

प्रतिसादाचा अर्थ

विश्रांतीत निश्चल दिसणारा स्नायू मृतच असतो असे नाही. रक्तपुरवठा अपुरा पडल्याने तो आपले काम कमी करून तग धरून राहिलेला असू शकतो. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात या अवस्थेसाठी शीतनिद्रेची संकल्पना रूढ केली. असा स्नायू अल्प मात्रेत हालू लागतो. मात्रा वाढताच रक्ताची गरज वाढून पुन्हा मंदावतो. व्रणमय स्नायू मात्र कोणत्याही मात्रेस प्रतिसाद देत नाही. सामान्यतः राखीव शक्ती टिकून असलेल्या रुग्णांचे भवितव्य अधिक आशादायक असते.

भाकीत आणि उपचार

यापुढील प्रश्न अधिक कठीण आहे. जिवंत स्नायू आढळल्यास शस्त्रक्रियेने रक्तपुरवठा पूर्ववत करावा काय? २००२ मध्ये २४ अभ्यासांतील ३,०८८ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात जिवंत स्नायू असलेल्यांचा वार्षिक मृत्युदर केवळ औषधोपचारात १६ टक्के, तर रक्तपुरवठा पूर्ववत केलेल्यांत ३.२ टक्के आढळला. परंतु हे अभ्यास निरीक्षणात्मक होते. शस्त्रक्रियेसाठी मुळातच सुदृढ रुग्ण निवडले गेले असण्याची शक्यता त्यात उरते.

उपचार यदृच्छ पद्धतीने ठरविणाऱ्या 'स्टिच' या चाचणीतील ६०१ रुग्णांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवंत स्नायू असलेल्यांपैकी ३७ टक्के, तर नसलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण दगावले. तथापि वय, आजाराची तीव्रता इत्यादी घटक विचारात घेतल्यावर हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. शस्त्रक्रियेचा लाभ कोणास होईल, हेही या चाचणीवरून ठरविता आले नाही. २०२२ च्या 'रिव्हाइव्ह्ड' या ब्रिटिश अभ्यासात जिवंत स्नायू असलेल्या ७०० रुग्णांचा समावेश होता. त्यात अँजिओप्लास्टीची जोड दिलेल्या गटात मृत्यू अथवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३७.२ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांत ३८ टक्के होते.

निष्कर्ष

ताण-प्रतिमाचित्रण हृदयाची राखीव शक्ती दाखविते व धोक्याच्या अंदाजास मदत करते. परंतु धोका ओळखणे आणि तो दूर करण्याचा उपाय सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून या चाचणीकडे अंतिम निवाडा म्हणून न पाहता वय, लक्षणे, मूत्रपिंडाचे कार्य व औषधांचा परिणाम यांसमवेत विचारात घ्यावयाचा एक पुरावा म्हणून पाहणे उचित ठरते. केवळ प्रतिसाद न मिळाल्याच्या आधारे एखाद्या रुग्णास उपचार नाकारणे, अथवा प्रतिसाद मिळाला म्हणून शस्त्रक्रियेची घाई करणे, या दोन्ही गोष्टींना उपलब्ध पुरावा पुरेसा आधार देत नाही.