शाळेतून दूर केलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण

शिस्तभंग करणाऱ्या विद्यार्थ्यास काही दिवस वर्गाबाहेर ठेवणे ही आपल्या माध्यमिक शाळांतील जुनी प्रथा आहे. मारामारी, शिक्षकांशी उद्धट वर्तन, परीक्षेतील गैरप्रकार, तंबाखू वा गुटखा बाळगणे आणि अलीकडच्या काळात वर्गात मोबाइल वापरणे ही त्याची नेहमीची कारणे होत. ठराविक मुदतीपुरते शाळेबाहेर ठेवणे म्हणजे निलंबन, आणि पटावरून नाव कायमचे कमी करणे म्हणजे निष्कासन, असा भेद कागदोपत्री केला जातो. परंतु व्यवहारात अधिक आढळणारा तिसरा प्रकार कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ‘वडिलांना घेऊन ये, तोपर्यंत वर्गात बसू नकोस,’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरते. वडील वीटभट्टीवर किंवा बांधकामावर असतात. रोज बुडवून येणे त्यांना जमत नाही. मुलगा घरी राहतो, हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लागत जाते आणि काही आठवड्यांनी ‘सतत गैरहजर’ या शेऱ्यासह नाव कमी होते. शिक्षेचा लेखी आदेशच नसल्याने तिला मुदत नसते, आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

कायद्याची मर्यादा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे इयत्ता आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वर्गांत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. निष्कासनावरील बंदी मात्र तशीच कायम राहिली. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून हे येथे स्पष्ट करणे इष्ट आहे. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे.

निलंबनाविषयी अधिनियमात स्वतंत्र कलम नाही. तथापि बेमुदत निलंबन हे निष्कासनच होय, असे मानावयास हवे. पालकाकडून अर्ज लिहून घेऊन दाखला हाती देणे हाही त्याचाच प्रकार. पाचव्या कलमाने शाळा बदलण्याचा जो हक्क बालकास दिला आहे, तो त्याच्या सोयीसाठी आहे. शाळेच्या सोयीसाठी नाही. त्याच कलमाप्रमाणे दाखल्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, आणि विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो.

शाळाबाह्य झालेले बालक परत आले तर चौथ्या कलमान्वये त्यास वयानुरूप वर्गात बसवावे लागते व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. असे बालक चौदा वर्षांचे झाले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचा हक्क संपत नाही.

मावळची परिस्थिती

पुणे शहरात एका शाळेने दूर केलेला विद्यार्थी दुसरीत जाऊ शकतो. मावळ तालुक्यात हे सोपे नाही. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतील वाड्या-वस्त्यांतून प्राथमिक शाळा आहेत; माध्यमिक शिक्षणासाठी मात्र मोठ्या गावी, किंवा लोहमार्गावरील कामशेत, वडगाव, तळेगाव येथे यावे लागते. एस.टी.ची एक फेरी चुकली की दिवस बुडाला. ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांतील अनेक मुले घरातील पहिलीच शिकणारी पिढी आहे. ज्या खोऱ्यात हायस्कूल एकच आहे, तेथील मुख्याध्यापकाने दिलेली पंधरा दिवसांची शिक्षा आणि पुण्यातील पंधरा दिवसांची शिक्षा यांचे वजन सारखे नसते.

लोणावळा-खंडाळ्याकडे आणखी एक कारण आहे. जून ते सप्टेंबर हा तेथील पर्यटनाचा हंगाम. भुशी धरणाच्या वाटेवर मक्याची कणसे भाजणे, चिक्कीच्या दुकानात पुडे बांधणे, भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांची साफसफाई, हॉटेलातील वाढप, अशी हलकी दिसणारी कामे या दिवसांत सहज मिळतात. शाळेचे नवे वर्षही जूनमध्येच सुरू होते. जुलैत निलंबित झालेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा घरी रिकामा बसत नाही; तो कामाला लागतो, शनिवार-रविवारी त्याच्या हाती रोख पैसे येतात, आणि निलंबनाची मुदत संपते तेव्हा घरच्यांना त्या पैशांची सवय झालेली असते. चौदा वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने, घरच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर केलेल्या मदतीसारखे अपवाद वगळता, पूर्ण बंदी केली आहे. चौदा ते अठरा या वयात मात्र केवळ धोकादायक कामांनाच मनाई आहे. म्हणजे शिक्षणाच्या सक्तीचे वय संपते, त्याच वर्षी मजुरीची वाट कायद्याने खुली होते. मुलींच्या बाबतीत या रिकाम्या काळात लग्नाचा विषय निघतो, हेही अनुभवी शिक्षकांना सांगावयास नको.

नववी-दहावीची पोकळी

सोळाव्या कलमाचे संरक्षण नववीपासून उरत नाही. या टप्प्यावर शाळेबाहेर पडलेल्या विद्यार्थ्यासाठी जे मार्ग उपलब्ध आहेत, त्यांची माहिती ग्रामपंचायत सदस्यांना असणे उपयुक्त ठरेल. सर्वांत परिचित मार्ग म्हणजे ‘सतरा नंबरचा फॉर्म’. किमान पाचवी उत्तीर्ण व वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यास राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस खाजगीरीत्या बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून कार्य करीत आहे. तिच्या माध्यमिक अभ्यासक्रमात मराठी माध्यम आहे, पाच विषय एकदम न देता सवडीने देता येतात आणि त्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही स्थापन झाले असून पाचवी व आठवी पूर्ण न केलेल्यांना त्याचा लाभ घेता येतो.

या सर्व योजनांत एक उणीव समान आहे. त्या परीक्षेची सोय करतात. शिकवणारा माणूस त्यांतून आपोआप मिळत नाही. अभ्यासात आधीच मागे असलेल्या, शाळेवर रुसलेल्या मुलाच्या हाती पुस्तके देऊन त्यास मार्चमध्ये परीक्षेस बोलावणे, ही सोय कागदावर जितकी पुरेशी वाटते तितकी ती नसते.

पाबळचा अनुभव

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयोग पुणे जिल्ह्यातच झालेला आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. खाजगी उद्योगातील संशोधकाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावी स्थायिक झाले होते. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. याच संस्थेने डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली, दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्यातील खेड्यांतून सायंकाळचे अनौपचारिक वर्ग चालविले होते. गाव सांगेल ती वेळ आणि गावातलाच शिक्षक, ही त्या वर्गांची पद्धत होती.

पाबळला शाळेत न रमलेली व नापास झालेली मुले येतात. एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, माती व पाणी परीक्षण असे अनेक विषय प्रत्यक्ष कामातून शिकविले जातात. एकाच धंद्यात तरबेज करण्याऐवजी खेड्यात लागणारी बहुतेक कामे करू शकणारा युवक घडवावा, हा डॉ. कलबाग यांचा आग्रह होता. विद्यार्थी गावकऱ्यांची खरी कामे पैसे घेऊन करतात; फाटक वाकडे झाले तर गिऱ्हाईक ते परत आणते, आणि गुणपत्रिकेपेक्षा हा शेरा मुलाला लवकर समजतो. पत्र्याचा डबा करताना क्षेत्रफळ आणि घनफळ ओघाने येते. याच धर्तीचा विषय अनेक शाळांतून आठवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक दिवस शिकविला जाऊ लागला. २००३ मध्ये डॉ. कलबाग यांचे निधन झाले. आश्रमाचे कार्य पुढे चालू राहिले.

सरकारी चाकोरीबाहेरील शिक्षण मावळालाही नवे नाही. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दंड व निष्कासन या शिक्षा होऊ लागल्या, आणि देशभर राष्ट्रीय शिक्षणाच्या शाळा निघाल्या. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे नांदले ते याच काळात. १९१० मध्ये सरकारने ते विद्यालयच बंद पाडले. पुढे त्याच परंपरेतून तळेगावात पुन्हा शिक्षणसंस्था उभी राहिली.

शाळा व पंचायत यांचे काम

इंग्लंडमध्ये शाळा निलंबनाची शिक्षा देऊ शकते. परंतु निलंबन सलग पाच दिवसांहून अधिक असेल तर सहाव्या दिवसापासून त्या विद्यार्थ्याच्या पूर्णवेळ शिक्षणाची व्यवस्था शाळेनेच करावी लागते. निष्कासन झाल्यास ती जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ओहायो राज्यातील एका प्रकरणात, अल्प मुदतीच्या निलंबनापूर्वीही विद्यार्थ्यास आरोप सांगून त्याची बाजू ऐकली पाहिजे, असा निर्णय दिला. या दोन्ही गोष्टींसाठी आपल्या मुख्याध्यापकांना नव्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. शिक्षा लेखी द्यावी, तिचा शेवटचा दिवस त्यात नमूद करावा, आणि त्या दिवसांत मुलास ग्रंथालयात किंवा कार्यशाळेत एखाद्या शिक्षकाच्या नजरेखाली बसवावे. पालक येऊ शकत नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने त्यांच्या घरी जावे; या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात, आणि ते त्याच वस्तीत राहतात.

अधिनियमाच्या नवव्या कलमाने आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे आणि त्यांचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. लोणावळा नगरपरिषद असो वा खोऱ्यातील पंचायत, ही नोंद चौदाऐवजी सोळा वर्षांपर्यंत ठेवण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. नाव कमी झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तो आता कोठे शिकत आहे, हा एक रकाना त्या वहीत वाढवावा लागेल. सतरा नंबरचे अर्ज साधारणतः पावसाळ्यातच भरले जातात. जून-जुलैत वर्गाबाहेर गेलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून पंचायतीकडे ऑगस्टपूर्वी पोहोचली, तर हंगामाच्या कामावर गेलेल्या मुलाला गाठण्यास आणि त्याचा अर्ज भरून घेण्यास अवधी राहतो.