मन भटकतें तेव्हां मेंदू काय करितो?

संध्याकाळीं दिवेलागणीनंतर मुलगा इतिहासाचें पुस्तक उघडून बसतो. पानें उलटतात, ओठ हलतात. पण वडिलांनीं 'काय वाचलेंस?' असें विचारतांच तो गोंधळतो. डोळे पुस्तकांत होते, मन क्रिकेटच्या मैदानावर होतें. शेजारच्या खोलींत आजीच्या हातीं जपाची माळ फिरत असते आणि चित्त उद्यां येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वयंपाकांत गुंतलेलें असतें. आजीला कोणी बोल लावीत नाहीं. मुलाला मात्र 'आळशी' ही पदवी मिळते. ती कितपत न्याय्य आहे, हें मेंदूविषयींच्या आजच्या ज्ञानावरून पाहण्याजोगें आहे.

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें २ टक्के असतें. परंतु विश्रांतींतहि शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें २० टक्के शक्ति एकटा मेंदू खर्च करितो. अवघड गणित सोडवावयास घेतलें तरी या खर्चांत फारच थोडी भर पडते. म्हणजे मनुष्य स्वस्थ बसला तरी त्याचा मेंदू स्वस्थ बसत नाहीं.

मग तो करितो तरी काय? अमेरिकेंत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत मार्कस रेकल व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं या प्रश्नाला नवें वळण दिलें. समोरचें काम सुरू होतांच मेंदूंतील कांहीं ठराविक भागांचें कार्य मंदावतें आणि विश्रांतींत तें पुन्हां वाढतें, असें आढळून आलें होतें. कपाळामागील मध्यभाग आणि डोक्याच्या मागील बाजूस मध्यरेषेलगत असलेला भाग हे त्यांत प्रमुख होत. अशा भागांच्या समूहाला पुढें 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हें नांव पडलें. मराठींत त्याला सहजावस्थेचें जाल म्हणतां येईल. गतगोष्टींचें स्मरण, भविष्याची कल्पना, स्वतःविषयींचे व इतरांच्या मनाविषयींचे विचार चालू असतां हें जाल जागें असतें.

हातांतील कामावर लक्ष द्यावयाचें म्हणजे दुसरें जाल पुढें येतें. कपाळामागील बाहेरच्या बाजूंचे भाग त्यांत मोडतात. एक जाल वर गेलें कीं दुसरें खालीं येतें, असा तराजूच्या पारड्यांसारखा संबंध पुष्कळदां दिसतो. मात्र हा नियम सरसकट नाहीं. कॅनडांतील कॅलिना क्रिस्टॉफ व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कंटाळवाणें काम करितांना मन भटकलें तेव्हां दोन्ही जालें कार्यरत आढळलीं. भटकणारें मन म्हणजे निजलेलें मन नव्हे.

तथापि या भटकंतीची किंमत द्यावी लागते. २०१० सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं २,२५० प्रौढांना अधूनमधून फोनवरून विचारणा केली. जवळजवळ ४७ टक्के वेळां मन चालू कामाबाहेर होतें, आणि अशा वेळीं माणसें कमी आनंदी होतीं.

मन परत येतें तें कसें? अटलांटा येथील एमोरी विद्यापीठांत २०१२ सालीं १४ अनुभवी ध्यानाभ्यासकांना श्वासावर लक्ष ठेवावयास सांगितलें आणि मन भटकल्याचें उमगतांच एक कळ दाबावयास सांगितलें. भटकंतींत सहजावस्थेचें जाल कार्यरत होतें. 'मन गेलें' हें उमगण्याच्या क्षणीं तिसरेंच एक जाल पुढें आलें. महत्त्वाची गोष्ट हेरण्याचें काम या जालाकडे असतें. त्यानंतर लक्ष देणाऱ्या जालानें मनाला श्वासाकडे वळविलें. अनुभवी माणसांचेंहि मन भटकलें, हें येथें विसरतां कामा नये.

विल्यम जेम्स यांनीं १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत, भटकलेलें लक्ष पुनःपुन्हां स्वेच्छेनें परत आणण्याच्या शक्तीला विवेक व चारित्र्य यांचें मूळ मानलें होतें. पुस्तकापुढें बसलेल्या मुलाला हीच शक्ति कमवावयाची असते. 'माझें लक्ष नव्हतें' असें तो स्वतः होऊन सांगतो, तेव्हां तें उमगण्याचें काम त्याच्या मेंदूनें केलेलेंच असतें; उरतें तें पान पुन्हां वाचणें. अशा वेळीं रागावल्यास पुढल्या खेपेस तो तें लपवावयास शिकेल. त्यापेक्षां वडिलांनीं शेजारीं बसून तेंच पान त्याच्याकडून सावकाश वाचून घ्यावें.